पत्ता विचारणाऱ्यावर पाळत

१८४४ साली लंडनमध्ये परागंदा होऊन राहिलेल्या जोसेफ मॅझिनीला आपली पत्रे वाटेत कोणीतरी फोडीत असल्याचा संशय आला. पडताळा पाहण्यासाठी पाकिटांत खसखशीचे दाणे आणि वाळूचे कण घालण्यात आले. पाकिटे पोहोचली, पण दाणे वाटेतच गळाले होते. पत्रे खरोखरच फोडली जात होती, तीही टपाल खात्यातच आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमाने. थॉमस डन्कम या खासदाराने प्रकरण कॉमन्स सभेत नेले, देशभर गदारोळ झाला, दोन्ही सभागृहांना चौकशी समित्या नेमाव्या लागल्या आणि टपाल खात्यातील गुप्त कचेरी अखेर मोडीत निघाली. भांडवलशाही ब्रिटनच्या संसदेलाही त्या काळी एवढी लाज शिल्लक होती.

आज प्रत्येक नागरिकाच्या खिशातील फोन दिवसातून शेकडो वेळा अशीच एक चिठ्ठी धाडीत असतो. ती बहुधा पाकिटात नसतेच. उघड्या पोस्टकार्डासारखी जाते. ती कोणी वाचली तर एकही दाणा गळत नाही, आणि म्हणूनच गदारोळही होत नाही. ही चिठ्ठी म्हणजे इंटरनेटवरील नावाचा पत्ता विचारणारी चौकशी होय. हा विषय तंत्रज्ञांचा आहे अशा समजुतीने राजकीय कार्यकर्त्यांनी तो आजवर बाजूला ठेवला. ही समजूत ज्यांच्या सोयीची आहे, त्यांनी ती मोठ्या काळजीने जोपासली आहे.

प्रथम व्यवस्था समजून घ्यावयास हवी. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. प्रारंभी सर्व यंत्रांची नावे व पत्ते यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि जो तो तिची प्रत आपल्या यंत्रावर उतरवून घेई. यंत्रे वाढली, यादी अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, ही नवी रचना आखली. एका यादीऐवजी जगभर विखुरलेले सर्व्हर आले आणि विचारील त्याला उत्तर देऊ लागले. रचना कल्पक होती. तिच्यावाचून आजचे इंटरनेट उभेच राहिले नसते. पण त्या बदलात एक गोष्ट हरवली, तिकडे त्या वेळी कोणाचे लक्ष गेले नाही. यादी स्वतःजवळ होती तोवर कोण कोणते नाव शोधतो हे दुसऱ्या कोणालाही कळत नव्हते. एस. टी.चे वेळापत्रक घरात असेल तर प्रवासी कोठे निघाला आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. स्थानकावरील चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारावे लागले की खिडकीतल्या माणसालाही कळते आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांनाही कळते. १९८३ नंतर साऱ्या जगाला रांगेत उभे राहून मोठ्याने विचारावे लागू लागले.

ही खिडकी म्हणजे रिझॉल्व्हर नावाचा सर्व्हर. सामान्यतः तो इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा असतो. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर तो पुढे विचारीत जातो. पहिली पायरी मूळ सर्व्हरांची. हे तेरा नावांनी ओळखले जातात आणि बारा संस्थांच्या ताब्यात आहेत. त्यांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याची एक संस्था, अमेरिकी सैन्याची प्रयोगशाळा आणि नासाही आहे. त्यानंतर नावाच्या शेवटच्या तुकड्याचा सर्व्हर येतो, आणि सरतेशेवटी त्या संकेतस्थळाचा स्वतःचा. यातील पहिल्या पायरीला केवळ शेवटचा तुकडा कळला तरी पुरे असते. तथापि अनेक वर्षे प्रत्येक पायरीवर पूर्ण नाव सांगण्याचीच प्रथा होती. उत्तर देण्यास जेवढे लागते तेवढेच विचारावे, हा साधा शिष्टाचार लेखी नियमाच्या रूपात यायला २०१६ साल उजाडावे लागले.

या चौकशांतून नेमके काय बाहेर पडते? संभाषणातील मजकूर नव्हे. तो आता बहुतेक ठिकाणी कुलूपबंद असतो. बाहेर पडते ते नाव. रात्री दोन वाजता कोणी कर्करोगाच्या रुग्णालयाचे नाव विचारले, कोणी गर्भपाताविषयी सल्ला देणाऱ्या संस्थेचे, कोणी कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या मदतकेंद्राचे, तर कोणी कामगार संघटनेचे. नाव, वेळ आणि विचारणाऱ्या जोडणीचा पत्ता या तीन गोष्टी दिवसेंदिवस एकत्र ठेवल्या तर माणसाच्या आयुष्याची रोजनिशी आपोआप लिहिली जाते. आणीबाणीत भूमिगत राहून काम केलेल्या कार्यकर्त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. पोलिसांना पत्रातील मजकुरापेक्षा पाकिटावरचा पत्ता पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. कोण कोणाशी आणि केव्हा संपर्कात आहे हे कळले की बाकीचे जाळे उलगडणे सोपे जाते.

यावर एक ठराविक उत्तर ऐकू येते: डीएनएसमधील माहिती सार्वजनिकच आहे, मग गोपनीयता कसली? हा युक्तिवाद दोन भिन्न गोष्टींची गल्लत करतो. तालुक्याच्या वाचनालयातील ग्रंथांची सूची सर्वांसाठी खुली असते, नव्हे ती खुलीच असली पाहिजे. परंतु कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले ही नोंदवही फौजदाराच्या टेबलावर ठेवण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. माहिती सार्वजनिक आहे. विचारणे खासगी आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळालाही हा भेद सविस्तर मांडणारा दस्तऐवज काढावयास २०१५ साल लागले. स्तेफान बोर्त्झमेयर या फ्रेंच तंत्रज्ञाने तो लिहिला. रचना आखल्यापासून तोवर ३२ वर्षे उलटली होती. त्यालाही निमित्त हवे होते आणि ते एडवर्ड स्नोडेन यांनी पुरविले. अमेरिका व ब्रिटनच्या हेरखात्यांनी दूरसंचाराच्या तारांमधून वाहणारी माहिती घाऊक प्रमाणात उपसल्याचे त्यांनी २०१३ मध्ये उघड केले, आणि अशी सरसकट टेहळणी म्हणजे इंटरनेटवरील हल्लाच होय, असे याच मंडळाला २०१४ मध्ये जाहीर करावे लागले.

पण डोळा केवळ हेरखात्यांचाच असतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०१६ सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत घडलेला प्रकार या बाबतीत उद्बोधक आहे. रशियातील अल्फा बँकेचे सर्व्हर ट्रम्प यांच्या कंपनीशी निगडित अशा एका नावाचा पत्ता वारंवार विचारीत असल्याचे काही संगणकतज्ज्ञांना आढळले. त्याच्या नोंदी एफबीआयपर्यंत गेल्या आणि मतदानाच्या आठवडाभर आधी, ३१ ऑक्टोबर रोजी, वृत्तांताच्या रूपाने प्रसिद्धही झाल्या. गुप्त संधान असल्याचे एफबीआयला तपासात आढळले नाही. नोंदी तेथे नेणाऱ्या वकिलावर खोटे सांगितल्याचा खटला चालला आणि मे २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. अमेरिकेतील पक्षांनी यातून आपापला धडा काढला. खरा धडा मात्र कोणीच काढला नाही. एका अब्जाधीशाच्या कंपनीचा आणि एका बलाढ्य बँकेचा पत्ताशोध जर न्यायालयाच्या हुकमावाचून खासगी तज्ज्ञांच्या दृष्टीस पडू शकतो, तर सामान्य माणसाच्या चौकशा कोणाकोणाच्या दृष्टीस पडत असतील?

त्या देशातील कंपन्यांना उत्तर ठाऊक होते. ग्राहकाच्या संमतीवाचून त्याच्या इंटरनेट वापराचा इतिहास विकता येऊ नये, असे नियम अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१६ साली केले होते. एप्रिल २०१७ मध्ये, ते पुरते अमलात येण्यापूर्वीच, तेथील काँग्रेसने व अध्यक्षांनी ते रद्द केले. पुढे २०२१ साली तेथील व्यापार आयोगाने सहा मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या कारभाराची पाहणी केली, तेव्हा ग्राहकांना वंश आणि लैंगिक कल अशा अत्यंत नाजूक निकषांवर गटांत विभागून जाहिराती दाखविण्याची प्रथाही समोर आली. जोडणीचे भाडे ग्राहकाने भरावयाचे आणि त्याच जोडणीतून गोळा झालेला माल कंपनीने बाजारात मांडावयाचा, असा हा दुहेरी नफा आहे. श्रमिकाच्या श्रमातून वरकड मूल्य काढणारी व्यवस्था आता त्याच्या शंका, आजार आणि भीतीतूनही मूल्य काढू लागली आहे.

उपाय नाही असे नव्हे. चौकशी कुलूपबंद करून पाठविण्याच्या दोन पद्धती तयार आहेत: एकीचा नियम २०१६ चा, दुसरीचा २०१८ चा. दुसऱ्या पद्धतीत डीएनएसची चौकशी सामान्य वेबपानांच्या वाहतुकीतच मिसळून जाते आणि वाटेत कान देणाऱ्याला ती वेगळी ओळखणे कठीण होते. या सुधारणेचे स्वागत कसे झाले? फायरफॉक्स ब्राउझर काढणाऱ्या मोझिला संस्थेने ती आणण्याची तयारी करताच ब्रिटनमधील इंटरनेट कंपन्यांच्या संघाने जुलै २०१९ मध्ये ‘इंटरनेटचा खलनायक’ या किताबासाठी मोझिलाचे नाव सुचविले आणि चहूकडून टीका झाल्यावर काही दिवसांत ते मागे घेतले. अमेरिकेत मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या संघटनांनी याच पद्धतीविरुद्ध काँग्रेसकडे धाव घेतली. कॉमकास्ट ही बडी कंपनी खासदारांचे कान फुंकीत असल्याचे कागद बाहेर आले. आणि जून २०२० मध्ये तीच कॉमकास्ट, मोझिलाच्या अटी मान्य करून, फायरफॉक्सच्या विश्वासार्ह रिझॉल्व्हरांच्या यादीत दाखल झाली. तत्त्वाचा प्रश्न एवढ्यावर मिटला, कारण मुळात तो तत्त्वाचा नव्हताच. खिडकी कोणाच्या मालकीची राहणार, एवढाच वाद होता.

येथेच सुशिक्षित उदारमतवाद्यांची फसगत होते. ते म्हणतात, कंपनीच्या खिडकीवर विश्वास नसेल तर दुसरी निवडावी. गूगलची खिडकी २००९ पासून उघडी आहे, क्लाउडफ्लेअरची २०१८ पासून. वाटेतल्या चोरापासून हे कुलूप खरोखर रक्षण करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कुलूप वाटेपुरतेच असते. खिडकीशी पोहोचल्यावर ते उघडावेच लागते, कारण नाव वाचल्यावाचून पत्ता सांगता येत नाही. म्हणजे आधी जे हजारो लहानमोठ्या कंपन्यांना तुकड्यातुकड्याने दिसत होते, ते आता अमेरिकेतील मूठभर कंपन्यांना एकत्रित दिसू लागले. क्लाउडफ्लेअरने नोंदी साधारण एका दिवसात पुसण्याचे वचन दिले आहे आणि हिशेब तपासनिसांकडून त्याची तपासणीही करून घेतली आहे. ते पाळलेही जात असेल. परंतु वचन देणारा ते परत घेऊ शकतो, कंपनी विकली जाऊ शकते, तिच्या देशाचे सरकार तिला हुकूम करू शकते. भाडेकरूने चांगला घरमालक शोधणे हा शहाणपणा असेल. घरभाड्याचा कायदा मागणे हे राजकारण होय. बाजारातील निवडीला हक्क समजणाऱ्यांना हा फरक अजून उमगलेला नाही.

भारतात स्थिती काय आहे? देशातील ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जिओ आणि एअरटेल या दोनच कंपन्यांकडे आहेत. खिडक्या दोन, रांगेत कोट्यवधी माणसे. या कंपन्यांवर सरकारची पकड परवान्याची आहे. इंटरनेट जोडण्यांच्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवण्याची अट डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यात घालण्यात आली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६९-ब तर थेट वाहतुकीच्या माहितीसाठीच आहे. सायबर सुरक्षेच्या नावाखाली ती गोळा करण्याचा अधिकार ते कार्यकारी सत्तेला देते, न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवण्याचे आणि व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची ओळख पाच वर्षे जपण्याचे फर्मान काढले; त्यावर अनेक परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर हलविले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयतेला मूलभूत अधिकार म्हणून एकमुखाने मान्यता दिली होती. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेस, सार्वभौमत्व व सुव्यवस्था अशी कारणे सांगून, कायद्यातून मोकळे करण्याची मुभा दिली. कुंपण घातले, पण फाटकाची किल्ली ज्याच्यापासून रक्षण करावयाचे त्याच्याच हाती ठेवली.

शिवाय जी खिडकी पाहू शकते ती खोटेही सांगू शकते. संकेतस्थळे बंद करण्याच्या सरकारी आदेशांची अंमलबजावणी करताना अनेक भारतीय कंपन्या याच रिझॉल्व्हरांतून चुकीचे उत्तर देतात. विचारणाऱ्याला वाटते, संकेतस्थळच नादुरुस्त आहे. पाळत आणि मुस्कटदाबी ही एकाच यंत्राची दोन कामे आहेत.

आता डाव्या चळवळीच्या घरातील दोन गैरसमजांकडे वळले पाहिजे, कारण तेही कमी घातक नाहीत. पहिला असा, की गोपनीयता हे मध्यमवर्गीयांचे चोचले आहेत. ज्याला भाकरीची भ्रांत त्याला तिचे काय? हे म्हणणाऱ्याने कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. मालकाच्या वायफायवरून कामगाराने युनियनच्या संकेतस्थळाचे नाव विचारले तर ती चौकशी पहिल्यांदा मालकाच्या यंत्रातूनच जाते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेली स्त्री मदतसंस्थेचा पत्ता शोधते तेव्हा घरातील राउटर तिच्या हाती नसतो. धनिकाजवळ वकील आहे, स्वतःचा तंत्रज्ञ आहे, वेगळी जोडणी आहे. गरिबाजवळ एकच फोन आणि एकच खिडकी आहे. गोपनीयतेची गरज दुबळ्याला अधिक असते, कारण उघडे पडल्याची किंमत त्यालाच नोकरीने, घराने आणि कधी जिवाने मोजावी लागते.

दुसरा गैरसमज असा, की खिडकी सरकारी मालकीची केली की प्रश्न सुटला. मॅझिनीची पत्रे खासगी कंपनीने फोडली नव्हती, सरकारी टपाल खात्यानेच फोडली होती. भारतात टपाल फोडण्याचा साम्राज्यशाही अधिकार १८९८ च्या कायद्यात होता. स्वतंत्र भारताच्या संसदेने तो रुंदावणारे विधेयक १९८६ मध्ये संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, म्हणून ते अडले. आणि २०२३ मध्ये आलेल्या नव्या टपाल कायद्यात तोच अधिकार कलम ९ च्या रूपाने पुन्हा विराजमान झाला. सार्वजनिक मालकी आणि शासकीय मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; लोकांच्या नियंत्रणावाचून शासनाची मालकी म्हणजे मालकाच्या अंगावर पोलिसाचा गणवेश चढविणे होय. युरोपीय संघाच्या पुढाकाराने उभारलेली डीएनएस-फॉर-ईयू ही सेवा जून २०२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. अमेरिकी मक्तेदारीला पर्याय उभा राहू शकतो, एवढे तिने दाखविले आहे. पण पर्यायाची खरी कसोटी त्याच्या झेंड्यावर नसून त्याच्या नोंदवहीवर आहे.

म्हणून मागण्या निःसंदिग्ध असाव्यात. व्यक्तीशी जोडता येणारी कोणतीही डीएनएस नोंद तांत्रिक दुरुस्तीस लागणाऱ्या अल्पकाळापलीकडे ठेवण्यास, आणि ती विकण्यास वा जाहिरातीसाठी वापरण्यास, कायद्याने बंदी असावी. कुलूपबंद चौकशीची सोय प्रत्येक भारतीय कंपनीने मागितल्यावाचून पुरवावी आणि ग्राहकाने दुसरा रिझॉल्व्हर निवडल्यास त्यात अडथळा आणू नये. कलम ६९-ब खालील प्रत्येक हुकमास न्यायालयाची पूर्वसंमती लागावी आणि असे किती हुकूम निघाले याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवला जावा. विद्यापीठे, सहकारी संस्था आणि ग्रंथालये यांनी चालविलेले अनेक सार्वजनिक रिझॉल्व्हर उभे राहावेत. एकच मोठा नको, कारण एक मोठी खिडकी बळकावणे सोपे असते. गुन्हेगार निसटतील, ही ओरड होईलच. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूम मिळविण्याचा मार्ग पोलिसांना मोकळाच आहे. एका संशयितासाठी साऱ्या गावाची पाकिटे फोडण्याचा मार्ग मात्र बंद झाला पाहिजे.

कायदा होईपर्यंत स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. पक्षाच्या आणि युनियनच्या कचेऱ्यांतील फोनांवर व संगणकांवर कुलूपबंद डीएनएस सुरू करणे हे काही मिनिटांचे काम आहे. मात्र त्याला कवचकुंडले समजू नये. संकेतस्थळाशी जोडणी होतानाच्या पहिल्या संदेशात अजूनही बहुधा नाव उघडे जाते. ते झाकण्याचे तंत्र सर्वत्र पोहोचलेले नाही. आणि ज्या यंत्राशी जोडणी होते त्याच्या आकड्यांच्या पत्त्यावरूनही पुष्कळ ताडता येते. तांत्रिक सावधगिरी ही संघर्षाची जागा घेऊ शकत नाही. ती संघर्षाला थोडी उसंत मिळवून देते, एवढेच.

मॅझिनीच्या पाकिटातून दाणे गळाले म्हणून लंडनच्या रस्त्यांवर लोक बोलू लागले. आजच्या चौकशीतून काही गळताना दिसत नाही, तेव्हा ते दाखवून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. सभांतून, युनियनच्या बैठकांतून, वाचनालयातून एकच प्रश्न विचारला जावा: पत्ता विचारणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याचा अधिकार कोणी, कोणाला आणि केव्हा दिला? या प्रश्नाचे उत्तर आज ना दूरसंचार कंपन्यांकडे आहे, ना सरकारकडे. ते त्यांच्याकडून मिळेपर्यंत प्रश्न विचारीत राहिले पाहिजे.